थांबायला लागणारा वेळ

मरोळला आतल्या गल्लीत, गाळा नंबर एकोणीस.
हॉटेलांच्या चादरी इथे धुतात.
डोक्यावरून विमान चाकं काढून उतरतं
तेव्हा माझ्या मीटरची बीप ऐकू येत नाही,
मी थांबतो, परत टोकं टेकवतो.

जुना स्टार-डेल्टा स्टार्टर उतरवला.
सतरा वर्षं त्याने एवढंच केलं : खाड्.
ड्रम हिसका खायचा, पट्टा किंचाळायचा,
शेजारच्या गाळ्यातल्या ट्यूबलाइटला भोवळ यायची.

मोटारीचं झाकण. सहा टोकं.
पट्ट्या लावून डेल्टा केला,
नेमप्लेटवरचा मळ अंगठ्याने पुसला :
साडेसात घोडे, चारशे पंधरा व्होल्ट,
अकरा अँपिअर, चौदाशे चाळीस फेरे.
हे ड्राइव्हला जसंच्या तसं सांगायचं.
मोटारीबद्दल खोटं बोललात
तर ती तापून खरं सांगते.

लाल, पिवळी, निळी आत येणार.
यू, व्ही, डब्ल्यू बाहेर जाणार.
वैती मास्तर हे दोनदा बोलायचे,
तिसऱ्यांदा पक्कड उगारायचे.
उलट जोडून जाळलेला एक ड्राइव्ह
त्यांनी आम्हा पोरांना मुद्दाम हुंगायला लावला होता.
अजून येतो तो वास. करपलेल्या सुपारीसारखा.

लॉईडने अर्थिंगची हिरवी वायर शेवटाला ठेवली होती.
मी काही बोललो नाही.
तीच आधी आवळली.
कंट्रोलच्या वायरी वेगळ्या पायपातून नेल्या,
पॉवरच्या कुशीत झोपवल्या तर बरळतात.

चालू केलं. ड्रम उलटा फिरला.
दोन वायरींची अदलाबदल, बस्स,
पण आधी मेन बंद,
आणि मग दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं.

चादरींच्या ढिगाआडून सुगंधाबाई म्हणाल्या,
"बंद केलंत ना? मग बघत काय बसलात?"
म्हटलं, बंद झालंय, रिकामं नाही झालं.
आत कपॅसिटर आहेत. धरून ठेवतात.
वैती मास्तरांच्या मधल्या बोटाला नख नव्हतं,
ते काही सांगितलं नाही.
त्या चादरीची टोकं जुळवत राहिल्या.
"असंल," म्हणाल्या.
"घरी जाऊन पडले तरी माझे हात
तासभर घड्या घालतात. गोधडीत.
नवरा म्हणतो, काय चाचपतेस?"

मीटर लावला. व्होल्ट उतरले होते.
यू आणि व्ही बदलल्या.

आता सुलट. बारा सेकंदांत हळूहळू पन्नास हर्ट्झ,
शेजारच्या दिव्याने पापणीही लववली नाही.
फक्त एक बारीक शिटी.
"कानात सुई घालतंय," सुगंधाबाई.
कॅरिअर चारवरून बारावर नेला.
ड्राइव्ह जरा जास्त तापेल, पंखा आहे.
शिटी गेली. माझ्यासाठी गेली, त्यांच्यासाठी गेली.
लॉईड म्हणतो, अजून येतेय.
तो बावीसचा आहे.

मग ऐंशी ओल्या चादरी भरून स्टॉप दाबलं
आणि स्क्रीनवर दोन अक्षरं : ओ व्ही. ट्रिप.
लॉईडने थांबायला पाच सेकंद दिले होते.
"बंदच तर करायचंय," म्हणाला.
बाबा रे, फिरणाऱ्या ओझ्याला घाईने अडवलं
की ते स्वतःच वीज बनवतं
आणि आल्या वाटेने परत पाठवतं.
ब्रेकचा रेझिस्टर सुचवला,
तर कटारियाशेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.
बरं. पाचाचे पंचवीस केले.

एक्केचाळीस. तीस. सतरा.
वर आणखी एक विमान, चाकं काढलेलं.
सहा.
शून्य.

सुगंधाबाईंनी ड्रमच्या दाराकडे हात नेला
आणि मध्येच मागे घेतला.
"याला पण दहा मिनिटं?"

नाही हो.
हे नुसतं चादरींचं दार.